पाकिटावर नाव दुकानाचं, घट कुणाची?

आमच्या मसाल्याच्या युनिटमध्ये एकाच हंगामात कांदा-लसूण मसाल्याच्या दोन ऑर्डरी शेजारी शेजारी चालल्या. दोन्ही पाकिटांवर नाव दुकानांच्या साखळीचं, आमचं नाव मागच्या बाजूला बारीक अक्षरात. मसाला कांडायचा डंख तोच, ब्लेंडर तोच, पाकीट भरणारं मशीनही तेच. पण एक ऑर्डर प्रायव्हेट लेबलची होती आणि दुसरी काँट्रॅक्ट मॅन्युफॅक्चरिंगची. हिशेबाच्या वहीत दोघींची पानं इतकी वेगळी निघाली की माल एकच आहे हे सांगावं लागलं असतं. नव्याने या धंद्यात उतरणारे हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात, दुकानांचे खरेदी अधिकारीही बरेचदा तसंच बोलतात. म्हणून पहिल्या नमुन्यापासून शेवटच्या गाडीपर्यंत दोन्ही कामं कशी गेली ते आकड्यांसकट लिहितो आहोत.

फरक समजायला लांब जायला नको. उन्हाळ्यात गल्लीतल्या डंखावर बायका स्वतः निवडलेली मिरची, भाजलेलं खोबरं, खडा मसाला डब्यातून घेऊन येतात. डंखवाला किलोला ठरलेली कांडणावळ घेतो. मिरची फिकी निघाली तर तो दोष त्याचा नाही, पण पाच किलो देऊन साडेचार किलो हातात आला तर बाई तिथेच उभी राहून हिशेब मागते. काँट्रॅक्टचं काम म्हणजे हेच, फक्त टनांत आणि करारावर. उलट एखादा किराणा दुकानदार मसालेवाल्याकडून तयार मसाला घेतो आणि स्वतःच्या नावाच्या पुडीत विकतो, तेव्हा मिरची कुठली, काय भावाने पडली, किती वाया गेली याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. ते प्रायव्हेट लेबल. रिलायन्सचं गुड लाइफ, बिगबास्केटचं बीबी रॉयल, डी-मार्टचं प्रीमिया ही दुकानांची स्वतःची नावं गिऱ्हाईक रोज बघतं. त्यामागे माल कोणत्या पद्धतीने बनला ते पाकिटावरून कळत नाही. कळतं ते चार गोष्टींवरून: पाककृती कुणाची, मिरची कुणाच्या पैशाची, पाकिटाच्या फिल्मचा छापलेला रोल कुणाच्या नावावर, आणि माल परत आला तर तो कुणाच्या दारात उतरणार. या चारांची उत्तरं कागदावर येईपर्यंत आम्ही मिरचीचं पोतं फोडत नाही.

प्रायव्हेट लेबलच्या पार्टीने मागणी केली ती तीन ओळींत: 200 ग्रॅमचं पाकीट, एमआरपी अमुक रुपयांच्या आत, रंग लालभडक आणि तिखटपणा मध्यम. पाककृती आमचीच. त्यावरून अर्धा अर्धा किलोचे तीन नमुने केले. तिन्हींत खोबरं, तीळ, धणे, लसूण, तळलेला कांदा सारखाच. बदललं ते फक्त मिरचीचं प्रमाण. ब्याडगी रंग देते, ठसका फारसा नाही. गुंटूरची तेजा ठसका देते. संकेश्वरी वास आणि चव देते, पण तिचा भाव चढा. नमुना बोटाने चाटून ठरवू नये. पार्टीच्या माणसांसमोर तिन्हींचा मटकीचा रस्सा केला, एकाच भांड्याच्या मापाने, तेल आणि मीठ तोलून. तर्री कुठल्या रश्श्यावर किती आली, हे बघूनच रंगाचा निर्णय झाला. कोरड्या पावडरीत सगळ्यात लाल दिसणारा नमुना रश्श्यात दुसरा आला.

भाव कमी करा, हे मग आलंच. तो तीन वाटांनी कमी होतो: खोबरं कमी करा, धणे वाढवा किंवा मीठ वाढवा. मीठ सगळ्यात स्वस्त, म्हणून हात तिकडे आधी जातो. पण पाकिटावर घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. मीठ वाढलं की ते यादीत वर चढतं, आणि वाचणारं गिऱ्हाईक ते वाचतं. आम्ही खोबरं थोडं कमी केलं आणि त्याचे दोन परिणाम पार्टीला लिहून दिले: रस्सा जरा पातळ लागेल, आणि मसाला उशिरा खवट होईल. दुसरा परिणाम त्यांच्या फायद्याचा होता. खोबऱ्याच्या तेलामुळेच या मसाल्याची मुदत कमी पडते. मिरची पावडरीसारखी बारा महिन्यांची मुदत छापा असा त्यांचा आग्रह होता, आम्ही नऊवर थांबलो. त्यासाठी पाकिटं 38 अंश तापमान आणि 90 टक्के आर्द्रतेच्या पेटीत ठेवून दर आठवड्याला वास, रंग आणि गठ्ठे तपासले.

काँट्रॅक्टच्या पार्टीकडे स्वतःची पाककृती होती, ग्रॅमपर्यंत नेमकी. तरी ती वाचून माल करता येत नव्हता. "तीळ तांबूस होईपर्यंत भाजणे" हे घरात चालतं. दोन पाळ्यांत दोन वेगळी माणसं भट्टीवर असली की तांबूसही दोन प्रकारचा होतो. भट्टीचं तापमान, किती मिनिटं, तळलेल्या कांद्यात ओलावा किती, शेवटची चाळणी कितीची, हे सगळं आम्ही त्यांच्याकडून लिहून घेतलं. हिंगाचा घटक तर पाककृतीत नुसता "हिंग" एवढाच होता. बाजारातल्या बांधणी हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं, आणि गहू म्हटला की लेबलवर ॲलर्जीची सूचना आली. ही एक ओळ चुकली की छापलेला सगळा रोल बाद.

पाककृती त्यांची असली तरी चाचणीची बॅच आम्ही 50 किलोची घेतली. दोन किलोच्या मिक्सरमध्ये जे होतं ते पल्व्हरायझरमध्ये, म्हणजे कारखान्याच्या मोठ्या दळणयंत्रात, होत नाही. तिथे माल हाताला चटका बसेल इतका तापतो, खोबऱ्या-तिळाचं तेल सुटतं आणि यंत्राची जाळी बुजते. उपाय जुनाच आहे. खोबरं आणि तीळ कधी एकटे दळायचे नाहीत. भाजलेल्या धण्यांबरोबर मिसळून टाकले की धण्याचा भुसा तेल धरून ठेवतो. पार्टीच्या पाककृतीत दळण्याचा क्रम वेगळा होता. चाचणीच्या दिवशी त्यांचा माणूस हजर असल्याने बदल जागेवर मान्य झाला आणि कागदावर चढला. तो हजर नसता तर तोच बदल पुढे "पाककृतीशी छेडछाड" ठरला असता.

मंजूर झालेल्या नमुन्याची तीन पाकिटं सील करून दोन्हीकडच्या सह्या घेतल्या: एक पार्टीकडे, एक आमच्या प्रयोगशाळेत, एक थंड आणि अंधाऱ्या जागी. उजेडात मिरचीचा रंग उडतो. सहा महिन्यांनी फिका पडलेला नमुना घेऊन नव्या मालाशी जुळवायला बसलं तर ताजा मालच चुकीचा वाटतो. म्हणून दर तीन महिन्यांनी चालू बॅचमधून नवा नमुना सील करायचा, असं करारातच घातलं.

आता मिरची. इथेच दोन्ही कामं खऱ्या अर्थाने वेगळी होतात.

प्रायव्हेट लेबलसाठी मिरची आम्ही घेतली, आमच्या पैशाने, फेब्रुवारी-मार्चच्या आवकेत. देठासकट 100 किलो मिरची घेतली की 5 ते 8 किलो देठं निघतात, माती आणि पांढरी पडलेली फटकी मिरची वेगळी, ड्रायरमध्ये ओलावा उडतो, कांडताना आणि चाळताना दीड-दोन टक्के जातो. हातात 87-88 किलो पूड येते. म्हणजे मिरची 200 रुपये किलोने घेतली तर पुडीत ती 228 रुपयांच्या आसपास पडते, आणि हे फक्त मालाचं. देठं खुडायची मजुरी वेगळी. आमच्या मसाल्यात मिरची 45 टक्के. मिरची किलोला 20 रुपयांनी चढली की पूड 23 रुपयांनी चढते, मसाला दहा रुपयांनी, आणि 200 ग्रॅमचं पाकीट दोन रुपयांनी. एका पाकिटामागे आम्ही नफाच तेवढा धरला होता. साखळी दुकानं वर्षभराचा भाव बांधून मागतात. आम्ही सहा महिन्यांचा दिला आणि सोबत सूत्र जोडलं: ठरलेल्या बाजार समितीतल्या भावाची पंधरा दिवसांची सरासरी पायाभावापेक्षा 8 टक्क्यांहून जास्त वर किंवा खाली गेली तर पाकिटाचा दर त्या प्रमाणात बदलेल. "खाली" हा शब्द आम्हीच सुचवला. एकतर्फी सूत्रावर कुणी सही करत नाही.

काँट्रॅक्टच्या कामात मिरची पार्टीच्या ट्रकमधून आली. भाव चढो की पडो, आमची कांडणावळ ठरलेली. पण जोखीम संपली असं नाही, ती घटीत जाऊन बसली. करारात लिहिलं होतं की देठ काढलेल्या 1000 किलो मिरचीमागे 5 टक्के घट मान्य, त्यापुढची आमच्या बिलातून वजा. आकडा वाजवी वाटतो, आता हिशेब बघा. मिरचीत ओलावा 11 टक्के असेल तर 1000 किलोत कोरडा भाग 890 किलो. ती 8 टक्क्यांपर्यंत वाळवली की वजन 967 किलो. त्यातून कांडणं-चाळणीचे दीड टक्के गेले तरी 952 किलो हातात, घट 5 टक्क्यांच्या आत. आता तीच मिरची कोल्ड स्टोरेजमधून आली आणि ओलावा 14 टक्के निघाला. कोरडा भाग 860, वाळवल्यावर 935, कांडल्यावर 921. घट जवळपास 8 टक्के, आणि एक मिरचीसुद्धा सांडलेली नाही. टनामागे 29 किलो माल आमच्या नावावर तूट म्हणून लागला असता; मिरची 200 रुपयांची धरली तर टनाला 5,800 रुपये.

म्हणून फाटकावर पोती उतरायच्या आधी ओलावा मोजायचा. दर दहा पोत्यांमागे एकातून, पोत्याच्या मधोमध हात घालून नमुना काढायचा, वरची मिरची घ्यायची नाही. वरची वाऱ्याने सुकलेली असते. आकडा चलनावर लिहून गाडीबरोबर आलेल्या माणसाची सही घ्यायची. घटीचा करार "11 टक्के ओलावा गृहीत धरून, त्यावरच्या ओलाव्याचा हिशेब कोरड्या वजनाने" असा बदलून घेतला. हे एक वाक्य करारात नसतं तर त्या कामात नफा राहिलाच नसता.

जॉबवर्कचा, म्हणजे दुसऱ्याच्या मालावर मजुरीने काम करून देण्याचा, कागदही सांभाळावा लागतो. पार्टीचा माल आपल्याकडे येतो तो बिलावर नाही, डिलिव्हरी चलनावर येतो, आणि जीएसटी कायद्याच्या कलम 143 प्रमाणे तो एका वर्षात परत जायला हवा. नाही गेला तर ज्या दिवशी पाठवला त्या दिवशीच विकला असं धरलं जातं. देठं, फटकी मिरची, चाळणीवरचा भुसा यांचं काय करायचं तेही लिहून घ्यावं. त्यांनी परत मागितला तर वजन करून परत, नाहीतर त्यांच्या लेखी परवानगीने विल्हेवाट. फटकी मिरची बाजारात विकली जाते. ती आपण विकली आणि पार्टीला नंतर कळलं, की सगळ्या घटीवरच संशय येतो.

काँट्रॅक्टचाच दुसरा प्रकार असा की पाककृती आणि मालाचा दर्जा त्यांचा, पण खरेदी आपली. अशा वेळी पैसा आपला अडकतो आणि मोकळीक काहीच मिळत नाही, कारण मिरचीच्या रंगाचा आकडा (आस्टा मोजमापाने), व्यापारी, कधी कधी कोल्ड स्टोरेजसुद्धा तेच सांगतात. आमच्या मते लहान युनिटला हा प्रकार सर्वांत जड. आम्ही तो अर्धी रक्कम आगाऊ असेल तरच घेतो.

पॅकिंगकडे वळतो. दुकानांशी काम करताना सर्वांत जास्त पैसा बुडतो तो इथे, आणि पहिल्या बैठकीत याबद्दल कुणी बोलत नाही. आमच्या 200 ग्रॅमच्या पाकिटाची फिल्म तीन थरांची: बाहेर 12 मायक्रॉन पॉलिएस्टर, मध्ये 12 मायक्रॉन मेटलाइज्ड पॉलिएस्टर, आत 60 मायक्रॉन पॉली. मधला थर उजेड आणि हवा अडवतो. तो नसला तर मसाल्याचा वास कार्टनभर पसरतो आणि पाकिटात उरत नाही. एका पाकिटाला 28 सेंटिमीटर रुंद आणि 19 सेंटिमीटर लांब तुकडा लागतो, वजन साधारण 5 ग्रॅम. किलोला 200 पाकिटं. छपाईवाल्याने एका डिझाइनला 300 किलोंच्या खाली रोल घ्यायला नकार दिला, कारण ग्रॅव्युअर छपाईत प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर चढवून जुळवून घेईपर्यंतच बरीच फिल्म वाया जाते. 300 किलो म्हणजे 60,000 पाकिटं, म्हणजे 12 टन मसाला. पार्टीची पहिली ऑर्डर होती 2 टनांची.

उरलेले 250 किलो रोल कुणाचे? त्यांच्यावर दुसऱ्याचा ट्रेडमार्क आहे, दुसऱ्याचा बारकोड आहे. तो माल भंगारात देतानाही कापून द्यावा लागतो, नाहीतर त्यात कुणी काहीही भरून विकेल. फिल्म किलोला 280 रुपये धरली तर 70,000 रुपये नुसते पडून, सिलिंडर वेगळे. काँट्रॅक्टच्या पार्टीने रोल स्वतः छापून पाठवले होते, तिथे प्रश्नच नव्हता. आम्हाला फक्त रोलवरची 3 टक्के तूट सांभाळायची होती. प्रायव्हेट लेबलमध्ये रोल आमच्या पैशाने छापले होते. आम्ही अट घातली की छापलेल्या दिवसापासून सहा महिन्यांत वापरले गेले नाहीत, किंवा डिझाइन बदललं, किंवा माल बंद केला, तर उरलेला रोल पार्टी खरेदी किमतीला उचलेल. हे मान्य होत नसेल तर पहिली 5,000 पाकिटं कोऱ्या पाऊचवर लेबल चिकटवून द्यावीत. दिसायला कमी, पण माल चालतो की नाही ते त्यातून कळतं, आणि चालला तर रोल छापायला दोघांनाही धीर येतो.

छपाईच्या प्रूफवर सही करायला एक अख्खा दिवस ठेवावा. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) 2020 च्या लेबलिंग नियमांप्रमाणे पाकिटावर ब्रँडमालकाचं नाव, पूर्ण पत्ता, त्याचा परवाना क्रमांक आणि लोगो लागतो. माल दुसऱ्याने बनवला असेल तर त्या बनवणाऱ्या युनिटचं नाव, पत्ता आणि परवाना क्रमांकही लागतो. परवाना क्रमांक 14 आकड्यांचा. आलेल्या प्रूफमध्ये आमच्या क्रमांकातला एक आकडा उलटसुलट झाला होता. आम्ही आकडे शेवटाकडून सुरुवातीकडे मोठ्याने वाचतो, म्हणून सापडला. सरळ वाचताना डोळा ओळखीचं तेच वाचतो. एमआरपीबरोबर दर ग्रॅमची किंमतही लिहावी लागते: 120 रुपयांच्या 200 ग्रॅम पाकिटावर ग्रॅमला 60 पैसे. या दोन्ही किमती, बॅच आणि तारखेसह, मशीनवर छापायच्या असतात, म्हणून रोलवर त्या जागी मेटलाइज्ड चमक किंवा गडद रंग नको, कोरी पांढरी पट्टी हवी. आमच्या प्रायव्हेट लेबलच्या डिझाइनमध्ये ती पट्टी होती, पण सील बसतो तिथेच. पहिल्या 400 पाकिटांवर तारीख सीलच्या घडीत गेली. ती सगळी फोडून माल परत ब्लेंडरला घातला.

उत्पादनात दोन्ही कामांना शिस्त एकच. ब्लेंडरमधून निघालेला मसाला उबदार असतो. तो तसाच भरला की पाकिटाच्या आत वाफ धरते आणि महिन्याभरात गठ्ठे होतात. झाकलेल्या पिंपात रात्रभर ठेवून सकाळी भरायचा. ऑगर फिलर, म्हणजे स्क्रू फिरवून पूड पाकिटात सोडणारं मशीन, वजनाने भरत नाही, घनफळाने भरतो. वरचा मालाचा हॉपर भरलेला असेल तर मसाला दाबला जाऊन पाकीट जड होतं, रिकामा होत आला की हलकं. हॉपरची पातळी अर्ध्याच्या वर सतत ठेवायला एक माणूस लागतो, किंवा सेन्सर. वैधमापन नियमांत 200 ग्रॅमच्या एखाद्या पाकिटाला 9 ग्रॅमपर्यंत फरक चालतो, पण सरासरी 200 च्या खाली गेलेली चालत नाही. आम्ही 202 वर मशीन लावतो. ते सरकून 205 वर गेलं आणि कुणाचं लक्ष नसलं तर 10,000 पाकिटांत 50 किलो मसाला फुकट जातो. प्रायव्हेट लेबलमध्ये तो आमचा. काँट्रॅक्टमध्ये पार्टीचा, पण घटीत धरला जातो, म्हणजे फिरून आमचाच. दर पंधरा मिनिटांनी पाच पाकिटं तोलून वहीत लिहायची. सीलमध्ये पुडीचा कण अडकला की पाकीट गळतं, ते हाताने दाबून समजतं; दर तासाला दहा पाकिटं पाण्यात बुडवून बुडबुडे बघितले की सील करणारा कोणता जबडा खराब झाला तेही कळतं.

साफसफाई हा भावातला विसरलेला आकडा. एका पार्टीचा मसाला संपवून दुसऱ्याचा घेताना पल्व्हरायझर, ब्लेंडर, चाळणी आणि फिलर उघडून साफ करायला चार माणसं आणि तीन तास लागतात, वर नव्या मालाचे पहिले दोन-तीन किलो फेकावे लागतात. हे 2 टनांच्या ऑर्डरीत विरून जातं, 200 किलोंच्या ऑर्डरीत सगळा नफा खातं. किमान ऑर्डर एक टन, हे आम्ही या तीन तासांवरून ठरवलं.

ऑडिट दोघांनीही केलं. मेटल डिटेक्टरसमोर लोखंडाचा 1.5, बिगरलोखंडी धातूचा 2 आणि स्टेनलेस स्टीलचा 2.5 मिलिमीटरचा चाचणी तुकडा पास करून दाखवणं, कामगारांचे वैद्यकीय दाखले, पाण्याचा अहवाल, हे ठरलेलंच. खरी कसोटी एकच. ऑडिटरने शेल्फवरचं एक पाकीट उचललं आणि विचारलं, यातली मिरची कुठल्या पोत्यातली? चार तासांत कागद समोर हवा. प्रायव्हेट लेबलमध्ये तो धागा खरेदीच्या बिलापर्यंत आमच्याच हातात होता. काँट्रॅक्टमध्ये तो आमच्या फाटकावर तुटत होता, कारण मिरची पार्टीने कुठून घेतली ते आम्हाला माहीत नव्हतं. म्हणून प्रत्येक लॉटबरोबर अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष) आणि सुदान (खाण्यात बंदी असलेला लाल रंग) यांचा प्रयोगशाळेचा अहवाल आल्याशिवाय माल उतरवायचा नाही, असं ठरवलं. मसाल्यात एकूण अफ्लाटॉक्सिन किलोला 30 मायक्रोग्रॅमपर्यंतच चालतं, आणि भाजून-कांडून ते जात नाही. सुदानचं म्हणाल तर 2005 च्या फेब्रुवारीत ब्रिटनमध्ये त्या रंगाची भेसळ असलेली मिरची पूड एका सॉसमध्ये गेली, तो सॉस तयार पदार्थांत गेला, आणि 400 हून जास्त उत्पादनं दुकानांतून काढावी लागली. त्यांत मोठ्या सुपरमार्केटांच्या स्वतःच्या नावाचे पदार्थ होते. अन्नसुरक्षा अधिकारी नमुना घेतो तेव्हा त्याचे चार भाग करतो, आणि नमुना नापास झाला की पाकिटावर छापलेली दोन्ही नावं चौकशीत येतात. मिरची पार्टीची होती, हे तेव्हा कागदानेच सिद्ध करावं लागतं.

माल गेल्यावर पैसे. प्रायव्हेट लेबलची गाडी दुकानाच्या गोदामात वेळ घेऊनच जाते. वेळ चुकली तर परत, पुढची तारीख दोन-चार दिवसांनी. पोचताना दोन तृतीयांश मुदत शिल्लक हवी. आमची मुदत नऊ महिने, म्हणजे तयार माल तीन महिन्यांहून जास्त गोदामात ठेवता येत नाही, आणि जास्तीचा करून ठेवायची सोय संपते. कार्टन कमी भरले, बारकोड वाचला गेला नाही, ऑर्डरीपेक्षा कमी माल गेला, की डेबिट नोट, म्हणजे बिलातून रक्कम कापल्याचा कागद, येते. ती महिन्याने आली तर भांडता येत नाही, म्हणून गाडी खाली होतानाच पोचपावतीवर कार्टनचा आकडा लिहून शिक्का घ्यायचा. सूक्ष्म आणि लघु उद्योगाला लेखी करार असेल तरी 45 दिवसांच्या आत पैसे मिळायला हवेत, करार नसेल तर 15 दिवसांत. एमएसएमई कायदा हे सांगतो, उशिराला बँक दराच्या तिप्पट व्याजही सांगतो. प्रत्येक बिलावर उद्यम नोंदणी क्रमांक छापला की खरेदीदाराच्या अकाउंट्सवाल्यांचं लक्ष जातं, कारण मुदत उलटून वर्षअखेरीस थकलेली रक्कम त्यांना आयकरात त्या वर्षीचा खर्च म्हणून धरता येत नाही. काँट्रॅक्टच्या बिलात फक्त कांडणावळ आणि भरणावळ असते, रक्कम लहान, ती लवकर येते. प्रायव्हेट लेबलच्या बिलात फेब्रुवारीतली मिरची असते, आणि तिचे पैसे जुलैत आले तर पाच महिन्यांचं व्याज आपलं.

दोन्ही कामं शेजारी ठेवून आमचं मत झालं ते असं. नवीन युनिटने आधी काँट्रॅक्टचं काम घ्यावं, निम्म्या क्षमतेपर्यंत. त्यात फायदा कमी, पण ओलावा मोजणं, घट लिहिणं, बॅचचा धागा सांभाळणं हे दुसऱ्याच्या मिरचीवर शिकता येतं. प्रायव्हेट लेबल तेव्हाच, जेव्हा फेब्रुवारीत मिरची भरायला पैसा हाताशी आहे आणि रोल उचलण्याची अट कागदावर आली आहे. आणि एका दुकानावर उलाढालीच्या 40 टक्क्यांहून जास्त भार नको. त्या दुकानाने शेल्फ बदललं की कारखाना बंद पडू नये, एवढ्यासाठी.

काँट्रॅक्टची ऑर्डर हंगामाच्या शेवटी संपली. नव्वद दिवसांची नोटीस होती. शेवटच्या आठवड्यात उरलेले रोल तोलले, 41 किलो निघाले, ते चलनावर परत केले. देठं आणि भुशाचं वजन लिहून सह्या झाल्या. पाककृतीचे कागद मोजून परत दिले आणि संगणकातली प्रत त्यांच्या माणसासमोर पुसली. प्रत्येक बॅचची दोन पाकिटं मात्र आमच्या कपाटात आहेत. त्यांची मुदत संपून वर तीन महिने होईपर्यंत ती हलवायची नाहीत, असं कपाटावर तारखेसह लिहून ठेवलं आहे.